ज्याचा टॅग त्यानं काढायचा

"खारट झालं. किती मीठ टाकलं हिनं! माणसाले देलं का ढोरायले?"

हे दाराच्या पलीकडून आलं. मी अलीकडे, ओट्याला पाठ लावून खाली बसले होते, भेंड्या पुसत. दार आणि माझा कान यांच्यात वीतभर अंतर असेल. हे माझ्याशी बोलत नव्हते, वरणाशी बोलत होते.

मी हातातली भेंडी खाली ठेवली.

एप्रिलात कोरोनानं यांच्या जिभेची चव गेली. तेव्हापासून रोज आतून एकच ऐकू यायचं, मीठ नाही, आजही मीठ नाही. मी चिमूट चिमूट वाढवत गेले. पुढे पुढे यांचं वरण वेगळ्या गंजात करायची पाळी आली, कारण ते आम्ही दोघी मायलेकींनी खाल्लं असतं तर आम्हालाही दवाखाना लागला असता. आणि आज तेच वरण यांना खारट लागलं.

ताप गेला होता. खोकला गेला होता. फोडणी दिली की आतून शिंक यायची, म्हणजे नाकही जाग्यावर आलं होतं. निगेटिव्ह रिपोर्ट येऊन महिना उलटला होता. फक्त जीभ उरली होती, ती आज परत आली. आता आजाराच्या नावावर काहीच शिल्लक नव्हतं, आणि हे अजून आतच होते. पन्नासावा दिवस होता.

खोलीच्या दाराला बाहेरून, आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूनं, कडीला एक लाल टॅग लटकत होता. त्याच्यावर कवटीचं चित्र आणि खाली हिंदीत छापलेलं: खतरा. आदमी काम पर है. चालू न करें. त्याच्याखाली यांच्या अक्षरात नाव केवलराम, तारीख नऊ एप्रिल, काम मरम्मत, आणि सही.

ज्यांच्या घरी प्लान्टातलं कोणी नाही त्यांना हे सांगावं लागेल. हे भिलाईच्या स्टील प्लान्टातल्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, सत्तावीस वर्षं झाली. मोटर दुरुस्त करायची असली की आधी तिचा करंट बंद करतात, बटणाला हा टॅग लावतात आणि मग आत शिरतात. टॅग लटकलेला असला की साहेबसुद्धा बटणाला हात लावत नाही. ज्याचा टॅग त्यानंच काढायचा. यांच्या खात्यातला एक फिटर एकदा टॅग तसाच ठेवून मेव्हणीच्या लग्नाला गेला, तर त्याला जीप पाठवून आणलं. अंगाला हळद लागलेली (नवरीला लावताना उरलेली), तसाच आला, टॅग काढला, परत मांडवात जाऊन जेवला. तोपर्यंत मोटर उभी. हे ही गोष्ट वर्षातून दोनदा तरी सांगतात आणि दर वेळी शेवटी म्हणतात, "याले म्हणते सिस्टम."

नऊ एप्रिलला मोबाईलवर पॉझिटिव्ह रिपोर्ट आला तेव्हा यांनीच ड्युटीच्या पिशवीतून टॅग काढला. हसत हसत भरला. "कोणी दार उघडाचं नाही. चवदा दिवस मशीन बंद," असं बोलून कडीला लावला आणि आत जाऊन बसले. ही मागची खोली यांनीच बांधून घेतली होती, रिटायर झाल्यावर भाड्यानं द्यायला, म्हणून तिला स्वतःचं न्हाणीघर आहे. सोय इतकी चांगली झाली की माणसाला बाहेर यायची गरजच राहिली नाही.

मायला अकरा तारखेला ताप आला. माय म्हणजे यांची आई, माझी सासू, मथुराबाई. तेरा तारखेला दवाखान्याची गाडी येऊन घेऊन गेली. जाताना माय स्वयंपाकघरातून ओरडली, "केवल, चाल्ली रे मी, डोळ्याची दवा कोण टाकन आता?" सतराला सकाळी दवाखान्यातून फोन आला.

हे आत, मी आणि आमची लेक उन्नती घरात कोंडलेल्या. आमचे दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. का आले ते माहीत नाही, कोरोनाला विचारायची सोय नव्हती. माझे दीर प्रफुल्ल नंदिनी नगरच्या खदानीत असतात, ते पांढरा प्लास्टिकचा सूट घालून गेले आणि जे करायचं ते लांबून पाहून आले. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आले. घरात आणत नाहीत, म्हणून अंगणातल्या जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाला लाल फडक्यात मडकं बांधलं. मोठ्या लेकानं शिवनाथ नदीत सोडायच्या. मोठा लेक आत होता.

मागच्या खोलीची खिडकी अंगणातच उघडते. मडकं बांधलं त्या दिवशी ती बंद झाली. मे महिन्यात भिलाईत जो माणूस खिडकी लावून बसतो तो ठीक नाही, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

उन्नतीनं तर नावही सांगून टाकलं होतं. ती एकोणीस वर्षांची, कॉलेज मोबाईलमध्ये. "मम्मी, पापा को डिप्रेशन है." ती हे असं सांगते जसं नेटवर्क नाही सांगते. मी विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, बात करनी चाहिए. मी म्हटलं, कर मग. तिनं कानाला हेडफोन लावला.

बोलत नव्हतो असं नाही. बोलायचोच. चौदा दिवस झाले तेव्हा मी दाराशी जाऊन म्हटलं, निघा आता. आतून आलं, "दोन दिवस राहू दे. सावधगिरी बरी." दोन दिवसांनी अजून दोन दिवस. मग रिपोर्ट आला तर म्हणे, रिपोर्ट चुकतात. प्लान्टातून फोन आला तर म्हणे, कमजोरी आहे. रविवारी प्रफुल्ल भाऊजी यायचे, अंगणात उभं राहून बंद खिडकीशी बोलायचे.

"भाऊ, हवेतच होतं ते. आपल्या हातात काय होतं?"

खिडकी चूप.

"वय होतं मायचं. अठ्ठ्याहत्तर म्हंजे कमी होते का?"

खिडकी चूप.

"मले तर वाटते भाजीवाल्यापासून आला."

भाजीवाल्यावर मग आम्ही सगळेच घसरलो. त्याच्या आधी दुधाच्या पिशवीवर संशय होता. गॅसच्या सिलिंडरवर होता. पेपरवर होता, तो बंद केला. सगळ्यांनी मिळून आम्ही भाजीवाल्याविरुद्ध इतका पुरावा जमा केला की तो बिचारा आमची घरांची लाईन सोडून पलीकडच्या लाईनीत जाऊ लागला, आणि मला भेंडीसाठी उन्हात तिकडे जावं लागलं. कोणी आलं, फोन केला, की हेच. हवेत होतं. वय होतं. भाजीवाला होता. फक्त एका गोष्टीवर कोणी येत नव्हतं.

ती अशी. मार्चात मायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून तीनदा ड्रॉप टाकायचे. माझ्या हातानं माय टाकू देत नव्हती. म्हणायची, तुझा हात हालते. मग सकाळी, ड्युटीहून आल्यावर आणि झोपायच्या आधी हेच टाकायचे. मायचं डोकं मांडीवर घ्यायचं, पापणी वर करायची, तोंड जवळ न्यायचं. मास्क लावला की माय ओरडायची, "मले तोंड दिसू दे, कोण टाकून राहिला समजलं पाह्यजे." म्हणून मास्क काढायचे. सहा, सात, आठ एप्रिल, तीन दिवस यांच्या अंगात कणकण होती. तीनही दिवस ड्रॉप टाकले. नऊला टेस्ट केली.

सहा तारखेला हे ड्युटीहून आले, डबा माझ्या हातात दिला, तेव्हा मला त्यांचा हात गरम लागला. एप्रिल होता. भिलाईत एप्रिलात सगळंच गरम लागतं.

म्हणून आम्ही भाजीवाल्यावर बोलायचो.

आत हे रिकामे बसले नव्हते, ते मात्र सांगितलं पाहिजे. आधी घरातली बिघडलेली प्रेस (इस्त्री) मागितली, दुरुस्त करून दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवली. मग मिक्सर. मग लाईनीतल्या बायकांना कळलं. लॉकडाऊन, दुकानं बंद, आणि आमच्या घरी टॅग लावून माणूस काम करतो आहे. मिक्सर आले, पंखे आले, एक शिलाई मशीनची मोटर आली. मी स्टुलावर ठेवायची, ओट्याकडे तोंड करायची, कडी वाजायची, वस्तू आत. संध्याकाळी चालू होऊन बाहेर. माणूस ठीक आहे, फक्त दिसत नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मेच्या मधात लाईनीतलं सगळं दुरुस्त झालं. मग मी स्वतःच चांगल्या प्रेसचा स्क्रू ढिला करून स्टुलावर ठेवली. ती तशीच परत आली, वर चिठ्ठी: "ही खराब नाही. टाईम पास करू नको."

हेल्पलाइनवाली नीतू रोज अकराला फोन करायची. सरकारी यादीत यांचं नाव होतं. पहिले हे स्वतः बोलायचे, सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, "सब नॉर्मल." मग फोन उचलणं बंद केलं तेव्हा ती मला करू लागली. पोरीचा आवाज गोड, पण थकलेला.

"आंटी, अंकल की नींद?"

"आती है."

"भूख?"

"नमक ज्यादा डालना पड़ता है अब."

"मन में कोई बात दबी हुई है?"

"नहीं," मी म्हटलं. तिनं टिक केली असावी.

मी विचारलं, तू त्यांना काय सांगत होतीस इतके दिवस?

"यही, कि आपकी गलती नहीं है. हमको ट्रेनिंग में यही सिखाया है."

"उससे फायदा होता है?"

"आंटी, फॉर्म में उसका कॉलम नहीं है." मग म्हणाली, तिची आई राजनांदगावला एकटी आहे, तीन महिन्यांपासून भेट नाही, आणि ती रोज साठ लोकांना झोप येते का विचारते, तिला स्वतःला येत नाही. मी तिला रात्री जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. तिनं मला थँक्यू म्हटलं. त्या दिवशीपासून मीही तिला विचारायची, नींद? ती म्हणायची, सब नॉर्मल.

तर, वरण खारट लागलं तो शनिवार. त्याच्या आदल्या दिवशी मी अंगण झाडताना पाहिलं की मडक्याची सुतळी झिजली आहे. दोन पेड तुटलेले, एकावर भार. उन्हानं लाल फडकं गुलाबी झालेलं. मी दुपारच्या ताटासोबत दाराला सांगितलं, "मडक्याची सुतळी तुटाले आली. लॉकडाऊन उघडलं आहे. भाऊजी रविवारी गाडी घेऊन येतात म्हणतात."

संध्याकाळी रिकामं ताट बाहेर आलं. ताटात, धुऊन पुसून, तांब्याच्या तारेचा तुकडा होता, प्लास्टिकचं कव्हर असलेला, दोन्ही टोकांना पक्के फासे करून. मापही बरोबर. बंद खिडकीच्या फटीतून कधी माप घेतलं कोणास ठाऊक. शंभर वर्षं मडकं पडणार नाही अशी तार.

मी तार दोन्ही टोकांनी ओढून पाहिली. दुरुस्ती एकदम चांगली होती. मी ती बांधली नाही.

आणि शनिवारी त्यांना मीठ लागलं. मी भेंड्या तशाच सोडल्या आणि ओमप्रकाश भाऊंकडे गेले. ते दोन घरं सोडून राहतात, प्लान्टाच्या सेफ्टी खात्यातून रिटायर. मास्क लावून, हात मागे बांधून आमच्या स्वयंपाकघरात आले, चष्मा वर करून टॅग वाचला. तोंडावर काही नाही. घरच्या माणसाची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नाही.

"बरोबर आहे," म्हणाले. "नाव आहे, तारीख आहे, सही आहे. पण हे पाहा वहिनी, 'काम पूरा होने का समय' हा खाना कोरा सोडला त्यानं."

मी पन्नास दिवस त्या टॅगसमोर भाकरी थापल्या, आणि हा रकाना मला दिसला नव्हता.

"मग आता कसं काढाचा?"

"ज्याचा त्यानं."

"आन् तो नसन काढत तर?"

"त्याच्या इन्चार्जनं यावं, आत माणूस नाही हे पाहावं, मंग काढावा."

"पण आत माणूस आहे."

"मंग नाही काढता येत." त्यांनी कवटीकडे बोट दाखवलं. "कायदा माणसासाठीच हाय ना वहिनी. आत असताना कोणी चालू केलं तर तो मरते."

मी विचारलं, "एका मशीनवर दोघं काम करत असले तर?"

"तर दोन टॅग. पहिल्याच्या बाजूले दुसऱ्याचा. दोघायनं आपापला काढाचा, तेव्हा मशीन चालू."

"तुमच्याजवळ आहे का एखादा?"

रिटायर झालेल्या माणसाच्या कपाटात प्लान्टाचं काय काय असतं ते विचारू नये. पाच मिनिटांत कोरा टॅग घेऊन आले, धाग्यासकट. "पेन बॉलपेन पाह्यजे," एवढं सांगून गेले.

रात्री मी तो भरला नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं. रविवारी सकाळी उठून आंघोळ केली, चहा झाला, प्रफुल्ल भाऊजी साडेनऊला आले. उन्नतीनं त्यांना अंगणात खुर्ची दिली. ते सवयीनं खिडकीकडे वळले आणि म्हणाले, "भाऊ, बरं आहे ना?" मी ओट्यावर टॅग ठेवून लिहिला. नाव कौशल्या. विभाग स्वयंपाकघर. काम मरम्मत. तारीख. सही करते तशी, बँकेतली. काम पूरा होने का समय, तिथे लिहिलं, आज.

दाराशी गेले आणि कडीत धागा ओवू लागले. लोखंडावर लोखंड वाजलं.

आतून आवाज आला, "कोण हाय? टॅगले हात नको लावू."

"तुमच्या टॅगले नाही लावून राहिली."

"मंग काय करून राहिली?"

"माझा लावून राहिली."

मग आतली कडी निघाली. दार चार बोटं उघडलं. पन्नास दिवसांत मी त्यांचा हातच पाहत होते, ताट घेतानाचा. आज त्याच्यावर एक डोळा दिसला, आणि पांढरी दाढी. त्यांनी माझा टॅग बोटानं वळवून उजेडात धरला आणि वाचला. जसं मिलमध्ये दुसऱ्याचा वाचतात, तसा, वरून खालपर्यंत.

"मशीनचं नाव नाही लिहिलं," म्हणाले.

"मशीन तुमाले माहीत आहे."

"'आज' असं नाही लिहीत. टाईम लिहा लागते."

"दहाले भाऊजी निघून राहिले. दहा लिहून घ्या."

त्यांनी टॅग सोडला. तो त्यांच्या टॅगवर आपटला आणि दोन्ही हलत राहिले. भाऊजी आणि उन्नती एव्हाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. उन्नतीच्या कानाला हेडफोन नव्हता.

"माय..." एवढं हे बोलले. पन्नास दिवसांत त्या शब्दाला पहिल्यांदा त्यांनी हात लावला. पुढचं येईना. "मायले... कोणापासून..."

"भाऊ, ते हवेत—" प्रफुल्ल भाऊजी लगेच सुरू झाले.

"भाऊजी, चूप बसा," मी म्हटलं. मी आयुष्यात दिराला असं बोलले नव्हते. ते बसलेही, म्हणजे उभे होते ते स्टुलावर बसले.

"पापा, तुम्हारी गलती—" उन्नती म्हणाली.

"तूबी."

मग मी दाराच्या फटीजवळ गेले, खारट वरण ऐकू आलं होतं तेवढ्या अंतरावर.

"हाव," मी म्हटलं. "तुमच्यापासूनच लागलं मायले. तीन दिवस अंगात कणकण होती आन् तुमी तोंड जवळ नेऊन ड्रॉप टाकले. आन् सहा तारखेले तुमी डबा देला तेव्हा मले हात गरम लागला होता. मले समजलं होतं. टाकू नका म्हणाचं, तर मी पोळ्या लाटत राहिली. तुमी आणलं, मी पाहून चूप राहिली, त्याच्यानं माय गेली. आता तुमी तुमचा काढा, मी माझा काढते."